बाबांच्या गोळ्यांचा हिशेब

चि. ओंकार,



दादासाठी तू काय काय मागवलंस, त्याचा फोटो वहिनीने परवा पाठवला. प्रोटीन पावडर, कॅल्शियम, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन डीची पाकिटं आणि सांधेदुखीवर म्हणून कसलीशी हिरवी कॅप्सूल. तुझे बाबा थकलेले दिसतात म्हणून तुझा जीव तुटतो, हे मला कळतं. म्हणूनच फोनवर घाईत सांगण्यापेक्षा नीट लिहितेय. यातलं काहीही डॉक्टरांना दाखवेपर्यंत दादाच्या पोटात जाऊ देऊ नकोस.

आधी डीचं बोलू. 60,000 युनिटचं ते पाकीट रक्तात कमतरता दिसली तर आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायचं असतं. वहिनी म्हणते, दादा रोज रात्री दुधातून घेतो. अरे, डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने दिवसाला 4,000 युनिटच्या वर जाऊ नये, असं मानतात. हे व्हिटॅमिन अंगातल्या चरबीत साठतं आणि आतड्यातून कॅल्शियम ओढत राहतं. रक्तातलं कॅल्शियम चढलं की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लघवी भरमसाट होते, अंगातलं पाणी आटतं, किडनीला रक्तच कमी पोचतं. त्यात दादाच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे. ते लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवून धरतं. आणि वर तू कॅल्शियमच्याच गोळ्या दिल्यास. एकेक वस्तू वेगळी पाहिली तर साधी वाटते, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मी डायालिसिस विभागात कामाला असताना एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले होते. सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, बोलण्यात विसंगती. घरच्यांना वाटलं, वयामुळे असेल. कॅल्शियम 14 च्या पुढे, क्रिएटिनिन चढलेलं. डॉक्टर खोदून खोदून विचारत होते, काय औषधं घेता? बीपीची एक गोळी, एवढंच उत्तर. शेवटी त्यांच्या पत्नीने घरून पिशवी आणून पलंगावर रिकामी केली, तेव्हा व्हिटॅमिन डीच्या तसल्याच पाकिटांचा ढीग पडला. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, ताकद होती. सलाईन, स्टेरॉइड, रोज रक्त तपासणं, असं सगळं झालं. डी थांबवल्यावरही कॅल्शियम खाली यायला कितीतरी आठवडे गेले, कारण चरबीत साठलेलं हळूहळूच उतरतं. ते वाचले. सगळे वाचत नाहीत.

तू म्हणशील, आत्या, चांगल्या कंपनीचंच मागवलंय. पण जपानमधली कोबायाशीही नावाजलेलीच औषध कंपनी. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी लाल यीस्टवर आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्या विकायची. मार्च 2024 मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. कारखान्यात निळसर बुरशी शिरली होती आणि तिच्यातून प्युबेरुलिक ॲसिड नावाचं विष गोळ्यांत उतरलं होतं. शेकडो लोक इस्पितळात गेले. बाटलीवर यातलं काही लिहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

आणि ती हिरवी कॅप्सूल. तिच्यावर ‘निवडक वनस्पती’ एवढंच छापलंय. कुठल्या वनस्पती, किती, कशात मिसळलेल्या? 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात एका चिनी मुळीच्या जागी नावात साम्य असलेली दुसरीच मुळी वापरली गेली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभराहून जास्त लोकांच्या किडन्या बिघडल्या, बहुतेक बायका. कित्येकींचं औषध बंद झाल्यावरही नुकसान वाढतच गेलं, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ही कॅप्सूल तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण आत काय आहे हे ज्यावर लिहिलेलं नाही, ते दादासारख्या साखरेच्या पेशंटला देऊ नये, एवढं ठाम सांगते.

व्हिटॅमिन सीच्या 1,000 मिलिग्रॅमच्या गोळीची रोज गरज नाही. त्यातल्या काही भागाचं शरीरात ऑक्झलेट होतं, त्याचे खडे होऊ शकतात, आणि आधीच अशक्त किडनीत ते साचूही शकतं. दादाने आवळा खावा, पेरू खावा. प्रोटीन पावडर धडधाकट माणसाला सहसा बाधत नाही. पण साखरेमुळे किडनीला धक्का बसला असेल तर प्रोटीन मोजून द्यावं लागतं, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत डबा कपाटात राहू दे.

किडनी दुखत नाही रे. निम्मंअधिक काम गेलं तरी क्रिएटिनिन बऱ्याचदा ठीकठाक दिसतं. त्यामुळे नुसतं क्रिएटिनिन करून थांबू नकोस. ईजीएफआर, रक्तातलं कॅल्शियम, डीची पातळी आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण, एवढं उद्याच करून घे. डॉक्टरांकडे जाताना बाटल्या, पाकिटं सगळी पिशवीत घालून ने, नुसती नावं सांगू नकोस. सांधेदुखीवर दादा परस्पर पेनकिलर घेतो का, तेही वहिनीला विचार. तो हो म्हणणार नाही.

तू जिमसाठी क्रिएटिन घेतोस ना? त्याने रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं चढलेलं दिसतं, किडनी बिघडलेली नसतानाही. तुझी तपासणी करशील तेव्हा हे आधी सांग, म्हणजे उगाच घाबरगुंडी उडणार नाही.

दादा चिडेल. म्हणेल, पोरगा प्रेमाने देतो आणि ही बंद करायला सांगते. माझं नाव पुढे कर, मी बोलते त्याच्याशी. आणि आजपासून त्याला तहान फार लागली, उलटी झाली किंवा तो गोंधळल्यासारखा वाटला, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट इस्पितळात ने आणि मला फोन कर, कितीही वाजले असोत.

तुझी,
आत्या