वाचनमंचापाशी उभी असलेली बहीण

रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन कोणी करावे, हा प्रश्न शिरूर-दौंड परिसरात पुष्कळदा कारखान्याच्या पाळीवर सुटतो. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींना रविवार ठाऊक नसतो. घरचा पुरुष कामावर जातो आणि बाकांवर उरतात त्या आया, सासवा, मुली. मग फादर एखाद्या बहिणीला खूण करतात, ती पदर सावरून वाचनमंचाकडे जाते. हे दृश्य पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु एक शंकाही छळते. कोणी पुरुष आला नाही म्हणून ती वाचते, की ते तिचे कार्य आहे म्हणून?

ही शंका केवळ शब्दच्छल नव्हे. शुभवर्तमान वगळता इतर वाचने करण्याची मुभा रोमने स्त्रियांना १९७० साली दिली. पण १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी वाचकपदाला रीतसर सेवेचे रूप दिले, तेव्हा ते पुरुषांपुरतेच राखले. १९८३ च्या धर्मसंहितेनेही तीच रेषा ओढली. काम तिने करावे, नेमणूक मात्र त्याची व्हावी, असे जवळजवळ अर्धशतक चालले. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तो भेद दूर केला आणि पुढील वर्षी जानेवारीत संत पेत्राच्या महामंदिरात स्त्रियांना हे पद स्वतः बहाल केले.

संत पौलाने स्त्रियांना सभेत गप्प राहण्यास सांगितले, असे कोणी म्हणेल. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रिया त्याने गृहीत धरल्या आहेत, हे आपण वाचत नाही. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा त्याचा अर्थ विचारण्यास खुद्द याजक हुल्दा संदेष्ट्रीच्या दारी गेला होता!

आणि इतके दूर तरी कशाला जावे? दौंड तालुक्यातच केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेही साध्याभोळ्या बायकांना कळावे अशा भाषेत. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळवणारे हातही स्त्रियांचेच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. तत्पूर्वीच भाषांतर पुरे झाले होते. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, हे खरे. पण त्या काळी आपल्या मिस्सेतील वाचने लॅटिनमध्ये होत, ती पुरुषांना तरी कुठे कळत होती? आपल्या आवारापासून काही कोसांवर एक विधवा मूळ शब्दाशी झुंजत होती, याची आपल्या पूर्वजांनी किती दखल घेतली असेल, कोण जाणे.

मात्र अधिकार मिळाला, एवढ्याने आमचे समाधान होत नाही. आठवडाभर कांद्याच्या शेतात राबलेल्या बाईच्या हाती देवळाच्या दारात पुस्तक द्यायचे आणि ती ‘नबुखद्नेस्सर’ला अडखळली की बाकांवर हसायचे, हा अन्याय आपणच करतो. तिचे नाव बुधवारपर्यंत ठरावे, उतारा तिच्या घरी पोहोचावा. शनिवारी रात्री ती तो मोठ्याने वाचील, आणि चुलीपाशी बसलेली, अक्षरओळख नसलेली तिची सासू म्हणेल, “पुन्हा वाच गं, नीट ऐकू दे.”