आधी नाव, मग काम

खोटा शब्द न उच्चारताही माणसास फसविता येते काय? प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथातला वाटतो खरा. पण हल्ली तो फोनवरून घरोघर येतो. ‘अभिनंदन! सोडतीत आपले नाव निघाले आहे. शनिवारी सपत्नीक या, चहा घ्या, भेटवस्तू घेऊन जा.’ गेल्यावर कळते की, तेथे ‘टाइमशेअर’ विकावयाचे आहे, म्हणजे दरवर्षी एक आठवडा कोठल्या तरी विश्रामस्थळी राहण्याचा पुष्कळ वर्षांचा हक्क. बोलावणाऱ्याने स्वतःस ‘प्रवास सल्लागार’ म्हणविलेले असते. चहा मिळतो, भेटही मिळते. सांगावयाचे राहते ते एवढेच की, मी विक्रेता आहे.

आमच्या मते हे न सांगणे हेच असत्य होय. समोरचा कोण हे कळल्यावरच त्याचे बोलणे कितपत मनावर घ्यावयाचे ते आपण ठरवितो. विक्रेत्यापुढे आपण सावध बसतो, पाहुण्यापुढे सैल. तो सावधपणाच काढून घेतल्यावर दोन तासांनी दिलेली संमती आपली कशी म्हणावी?

यावर कोणी म्हणेल, आल्याबरोबर काम सांगणे आपल्याकडे शिष्टपणाचे मानीत नाहीत. आधी पाणी, मग क्षेमकुशल, मग ‘काय काम काढलेत?’ खरे आहे. परंतु ते विचारण्याची मुभा तेथे यजमानास असते. येथे यजमान तोच, विक्रेताही तोच. आणि चहा पिऊन बसलेल्या भिडस्त माणसास ‘नाही’ म्हणताना आपणच कृतघ्न आहोत असे वाटू लागते.

कायद्याने हे ओळखले आहे. युरोपीय संघाच्या 2008 च्या टाइमशेअरविषयक निदेशाने निमंत्रणातच कार्यक्रमाचा व्यापारी हेतू सांगण्याचे बंधन घातले आणि करारातून माघार घेण्यास 14 दिवस दिले. आपल्याकडील 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्याने बोलण्याच्या आरंभीच आपली व संस्थेची ओळख आणि येण्याचा हेतू सांगावयाचा असतो. ओळखपत्रावाचून व वेळ ठरविल्यावाचून त्याने घरी जावयाचे नाही. हे नियम टाइमशेअरसाठी म्हणून केलेले नाहीत. तरी त्यातला ‘आरंभीच’ हा शब्द आम्हांस लाखमोलाचा वाटतो. (मूळ प्रस्ताव टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदात दडविण्याची कला आमच्या वाचकांस अपरिचित नसावी.)

परमुलखात राहणाऱ्या आपणांस याची झळ निराळीच लागते. लखनौस किंवा कोलकात्यास ‘काका, आपण मूळचे कुठले?’ असे शब्द फोनवर कानी पडले की, मनावरचा अर्धा पहारा आपोआप उठतो. भाषा खरी, कदाचित गावही खरे. खोटे फक्त फोन करण्याचे कारण. पुढे कोणी खरोखरच अडलेला मराठी मुलगा फोन करील, तेव्हा त्यासही आपण तुटकपणे बोलू. हे नुकसान ग्राहक आयोगापुढे भरून मागता येत नाही.

तरी त्या विक्रेत्या पोराचाही विचार केला पाहिजे. आणलेल्या जोडप्यांवर ज्याची कमाई ठरते, त्याने ‘मी विक्रेता’ असे प्रथमच म्हटले तर निम्मे लोक फोन ठेवून देतील. शिवाय जे तो बोलतो ते बहुधा दुसऱ्याने लिहून दिलेले असते. ओळखपत्र मात्र याच्या गळ्यात. नियम लिहिणे आमच्या हाती असते, तर त्या लिखित संभाषणाखाली कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व सही सक्तीची केली असती, आणि पहिली नोटीस त्या नावाने काढली असती.