उंबरठ्यावरची माणसे



गेल्या महिन्यात एका आजारी आजींना ख्रिस्तशरीर देण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. नातू दारातच भेटला. अदबीने म्हणाला, "फादर, देवावर माझी श्रद्धा आहे. रोज रात्री प्रार्थना करतो. पण मिस्सा, चर्च, धर्म हे काही नको वाटतं." मी त्याला वेल आणि फांदीचा दाखला दिला. त्याने मान डोलावली आणि तो आत निघून गेला. दाखला चुकीचा नव्हता, पण मी त्याला काही विचारलेच नाही.

परतताना सिमोन वेलची आठवण झाली. १९०९ साली पॅरिसमध्ये, धर्म न पाळणाऱ्या एका ज्यू कुटुंबात ती जन्मली. तत्त्वज्ञान शिकवीत असे. कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून रजा घेऊन कारखान्यात राबली. १९३७ साली असिसीला, संत फ्रान्सिसच्या आवडत्या लहानशा चॅपेलमध्ये ती आयुष्यात प्रथमच गुडघ्यांवर आली. पुढच्या वर्षी सोलेमच्या मठात पवित्र सप्ताहाच्या उपासनेला बसली. डोके असह्य दुखत होते. त्या दुखण्यातच प्रभूचे दुःखसहन तिला भिडले. पुढे द्राक्षमळ्यात काम करताना ती प्रभूची प्रार्थना ग्रीक भाषेत रोज म्हणे. भगवद्गीतेच्या ओढीने संस्कृतही शिकू लागली होती.

तरीही तिने स्नानसंस्काराला होकार दिला नाही. १९४२ साली फादर पेरँ या आपल्या स्नेही धर्मगुरूंना तिने पत्रांतून कारणे कळविली. त्यातले एक मला आजही बोचते. बाहेर राहिलेल्या असंख्य लोकांना सोडून एकटीने आत जाणे तिला नको होते. पुढच्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, ती इंग्लंडमध्ये वारली.

तिचे सगळेच मला पटत नाही. बांधावरून ज्याच्याशी भांडण आहे तो शेजारी मिस्सेला आपल्याच बाकावर येऊन बसतो आणि शांतीच्या वेळी त्याच्याकडे वळून हात जोडावे लागतात. घरातल्या एकट्याच्या प्रार्थनेत ही अडचण येत नाही. ही अडचण मला श्रद्धेचा भाग वाटते.

पण संत थॉमसकडेही पाहा. पुनरुत्थित प्रभू शिष्यांना प्रथम भेटला तेव्हा थॉमस तेथे नव्हता. इतरांनी सांगितलेले त्याने मानले नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता! म्हणजे त्या आठवडाभरात, न मानणाऱ्या थॉमसला इतरांनी घराबाहेर काढले नव्हते.

परवा त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी विचारले, "बाळा, मिस्सेला येणं कधी सुटलं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा दोन महिने इस्पितळात होते, फादर. चर्चमधून कोणी आलं नाही. वर्गणीचं पाकीट तेवढं आलं."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली.

ज्यांच्या घरचे कोणी इस्पितळात आहे त्यांनी कृपया धर्मगुरूनिवासात कळवावे. कळवले नाही तरी चौकशी आम्हीच करायला हवी, हे खरे. या कामी आठवड्यातली एक संध्याकाळ देऊ शकतील अशांनी आज मिस्सेनंतर मला भेटावे.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू