कात्री सगळ्यांना सारखी लागली, म्हणजे न्याय झाला का?

पैसा भरपूर असतो तेव्हा अर्थसंकल्प करणं सोपं असतं. सगळ्यांना थोडं थोडं 'हो' म्हणता येतं. मंदी आली की कुणाला तरी 'नाही' म्हणावंच लागतं. ते कुणाला म्हणायचं, हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नाही. तो नीतीचा आहे.

2020 सालचे दोन निर्णय शेजारी शेजारी ठेवून बघा. टाळेबंदी लागली आणि राज्याचा महसूल आटला. मार्चअखेरीस सरकारने सांगितलं, की पगार दोन टप्प्यांत मिळेल. पहिल्या टप्प्यात लोकप्रतिनिधींना 40 टक्के, अ आणि ब वर्गाला 50 टक्के, क वर्गाला 75 टक्के आणि ड वर्गाला पूर्ण पगार. मग 4 मे 2020 ला दुसरा निर्णय आला. विकासकामांच्या तरतुदीतले 33 टक्केच पैसे मिळणार, नवी कामं नाहीत, नोकरभरती बंद. आरोग्यासारखी मोजकी खाती अग्रक्रमाची ठरली, बाकीच्यांना एकच माप.

पहिल्या निर्णयात एक विचार दिसतो: किती कापलं यापेक्षा कापल्यावर हातात किती उरलं, ते बघायचं. शिपायाचा अर्धा पगार थांबला तर त्याचा किराणा थांबतो, अधिकाऱ्याचा थांबला तर फार तर एखादा हप्ता पुढे जातो. दुसऱ्या निर्णयात हा विचार पातळ होतो. भरती थांबली, म्हणजे नोकरीत असलेल्या कुणाचंच काही गेलं नाही. गेलं ते संभाजीनगरात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्यांचं, ज्यांची वयोमर्यादा संपत आली होती त्यांचं. ते अजून कुठल्याच यादीत नव्हते, म्हणून ही कपात कपात वाटलीच नाही.

मी देवगाव रंगारीचा. आमच्याकडे मंदी टीव्हीवर कळायच्या आधी घरात कळते. कापसाचा भाव पडला किंवा वाळूजच्या कंपनीतून पोरगा परत आला, की घरपट्टी आणि पाणीपट्टी मागे पडते. बाईंना विचारलं तर त्या म्हणतील, की वाईट वर्षात कुठलंच घर सगळ्यांचा खर्च सारखा कापत नाही. तान्ह्याचं दूध कुणी अर्धं करत नाही. पण त्याच घरात आईचा चष्मा दोन वर्षं पुढे ढकलला जातो, कारण ती मागत नाही. घराचा शहाणपणा आणि घराचा अन्याय एकाच वहीत असतो. सरकारची वहीही तशीच असते. तिथे आईच्या जागी गटार असतं, अंगणवाडीचं छप्पर असतं, जुनी पाइपलाइन असते. दुरुस्ती कधी मोर्चा काढत नाही.

म्हणून कायद्याने काही कुंपणं घातली आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. चांगलंच आहे. पण हे टक्के उत्पन्नाचे आहेत. उत्पन्न निम्मं झालं की त्यांचा वाटाही निम्मा, गरज मात्र त्याच वर्षी दुप्पट.

2021 मध्ये थकलेल्या बिलांपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. पुढे ती बिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरायची मुभा सरकारने दिली. दिवे सगळ्यांचेच गेले होते, पण अंधार सारखा पडला नाही. ज्याच्या दारात इन्व्हर्टर होता त्याला तो जाणवलाही नसेल. क्लासवरून उशिरा घरी येणाऱ्या मुलीला जाणवला असेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सगळ्यांना सारखी कात्री लावली तर निदान वशिला चालत नाही. निवड करायची म्हटली की ज्याची ओळख त्याचं काम वाचतं. खरं आहे. पण त्यावर उपाय निवड टाळणं नाही, ती उघड्यावर करणं हा आहे. महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात बदल करते, मग ते सर्वसाधारण सभेपुढे जातं. संभाजीनगर महापालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि पुढे अनेक वर्षं प्रशासकांनीच अंदाजपत्रक केलं. नेमका मंदीचा काळ, आणि सभागृह नाही. प्रशासक कितीही कर्तबगार असो, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात सभेत उभं राहून 'आमच्या वॉर्डाचं काय' असं ओरडणारं कुणीतरी लागतं. तो गोंधळ हाही हिशेबाचाच भाग असतो.

आपल्याकडे गावात ग्रामसभा आहे. तिची गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी असेल ती संख्या. इतकी माणसं लग्नाच्या पंगतीत पहिल्या बसणीला उठतात. पुढच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक निघेल तेव्हा मोबाइल खिशात ठेवून दोनच गोष्टी विचारा: यंदा काय कापलं? आणि ज्याचं कापलं, तो माणूस आज इथे बसलाय का? तो बसलेला नसेल तर त्याच्या वतीने बोलणं आपल्यावर येतं.