छाटणीची वेळ

आमच्या परसात, न्हाणीचं पाणी जातं तिथे, आईनं लावलेलं कागदी लिंबाचं झाड आहे. तीन वर्षांपूर्वी गणपतीला बेंगळुरूहून घरी आलो, तेव्हा ते फार माजलेलं दिसलं. आतल्या फांद्या वाळलेल्या, पाणसोट सरळ वर गेलेले. मी कोयता काढला. आई म्हणाली, "पाऊस सरू दे." पण माझी रजा पाचच दिवसांची होती.

वाळकं तर काढलंच, पण हात एकदा चालू झाला की थांबत नाही. हिरव्या फांद्याही गेल्या. झाड जोमानं फुटलं. त्या कोवळ्या पालवीवर नागअळी आली आणि पावसानं खैऱ्या पसरवला. हस्त बहराची फुलं धरलीच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात, लिंबू सगळ्यांत महाग असतं तेव्हा, आईनं ती विकत आणली. हे मला तिनं नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

माझा हेतू वाईट नव्हता. माहितीही चुकीची नव्हती: वाळकं काढावं, पाणसोट काढावेत, आत ऊन जाऊ द्यावं, हे बागायतदारही सांगतात. फळं उतरल्यावर, कोरड्या हवेत, आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावून, एवढं ते पुढे जोडतात. 'काय करायचं' हे मी त्यांच्याकडून घेतलं; 'केव्हा' हे माझ्या रजेच्या अर्जानं ठरवलं. हेतू चांगला आणि माहिती खरी असूनही कृती चुकते, ती इथे.

मग थांबणं हेच शहाणपण का? तसंही नाही. बाबा गेल्यावर कित्येक वर्षं त्या झाडाला कुणी हात लावला नव्हता. ती दया नव्हती, पाठ फिरवणं होतं. उलट बहर धरण्यासाठी बागायतदार झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात. वरवर ती क्रूरता वाटेल. पण ताण देणारा रोज पानं बघतो; ती किती मलूल झाली यावर पुन्हा पाणी केव्हा सोडायचं ते ठरवतो. कापण्याचा अधिकार, मला वाटतं, कापल्यानंतर तिथे राहून बघणाऱ्यालाच असतो. मी तर सहाव्या दिवशी गाडीत बसलो होतो.

त्याच पाच दिवसांत मी आणखी एक विषय काढला होता: घर विकून आईनं आमच्याकडे यावं. तेव्हाही ती म्हणाली होती, "पाऊस सरू दे." मी ते टाळणं समजलो.

यंदा सणावारी न जाता मार्गशीर्षात गेलो, चांगला तीन आठवडे. झाडावरची लिंबं उतरून झाली होती. आई खुर्ची टाकून बसली, बोटानं दाखवत गेली, तेवढंच मी कापलं. एका फांदीशी थांबलो तर म्हणाली, "ती राहू दे, कळ्या धरतेय."

घराचा विषय मी काढला नाही. हे थांबणं आहे की टाळणं, याची खात्री मला अजून नाही. पण आता ती सकाळी उठताना गुडघ्यावर हात ठेवते, किती वेळ ठेवते, हे मी बघून आलो आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.