कर्नलचा विटाळ

लिनक्सच्या पोटात एक छोटीशी फाइल असते, तीत फक्त एक आकडा. सगळं आलबेल असेल तर शून्य. ज्याचा सोर्स कोड कंपनी कुणाला दाखवत नाही असा बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हर चढवला, की तिथे बहुधा ४०९७ दिसतं. म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, स्वतःच जाहीर करतो, मला विटाळ झालाय. मी वाचनालयातले कॉम्प्युटर सांभाळतो. माझं लहानपण कडक सोवळ्याच्या घरात गेलं, त्यामुळे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोकंच फिरलं. इथेही शिवाशिव?

गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. अपडेटनंतर स्क्रीन काळी ठिक्कर. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीवर 'ई' दाबलं, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहिलं, एफ-१० दाबलं. अक्षरं बटबटीत, पण स्क्रीन उजळली. नवा कर्नल आला होता, त्याच्या हेडर फाइली आल्या नव्हत्या. त्यामुळे बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल तयारच झालं नव्हतं. हेडर टाकून ते बांधून घेतलं. निघताना ती म्हणाली, "काका, आमच्या ग्रुपमधले म्हणतात खरा लिनक्सवाला असला ड्रायव्हर शिवत नाही. मी वापरते ते चूक आहे का?"

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांना विचारलं असतं तर उत्तर सरळ 'हो' आलं असतं. प्रिंटरच्या प्रोग्रामचा सोर्स कोड मिळाला नाही याची चीड त्यांच्या मनात होती, आणि १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. याउलट डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन आपल्या सामाजिक करारातच दुरुस्ती केली आणि बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ दिलं. शास्त्र बदलायचं तर उघडपणे मत घेऊन बदलावं, हे मला आवडलं. आपल्याकडे मात्र पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं होतं.

पण मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या आकड्यातच सापडलं. ४०९७ म्हणजे १ अधिक ४०९६. एक बंदिस्त मॉड्यूलबद्दल, दुसरा ते कर्नलच्या मूळ झाडाबाहेरून आलं म्हणून. प्रत्येक कारणाला स्वतंत्र आकडा. आमच्या आजीच्या सोवळ्यात 'का?' विचारायची सोय नव्हती. इथे 'का' हाच शिक्का आहे. आणि कर्नलच्या आतच काही बिनसलं, त्याने स्वतःच इशारा दिला, तर त्यात ५१२ मिळवले जातात. दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःलाही लावणारं सोवळं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. शिवाय विटाळलं म्हणून मशीन काम थांबवत नाही, कुणाला दाराबाहेर उभं करत नाही.

एका ठिकाणी मात्र हे सोवळं कठोर आहे. ड्रायव्हर उतरवला तरी शिक्का पुसला जात नाही. मशीन पुन्हा सुरू करावी लागते. त्या कोडने मेमरीत कुठे काय केलं हे पाहायची सोय नाही, मग तो गेला म्हणून सगळं पूर्ववत झालं असं कशाच्या जोरावर म्हणायचं? आपली प्रायश्चित्तं इतकी प्रामाणिक नसतात. पंचगव्य घेतलं की काम झालं.

म्हणून मी तिला सांगितलं, यात पाप नाही. कर्नल एवढंच म्हणतो की इथपासून पुढचं मला दिसत नाही, त्याची हमी माझ्याकडे मागू नका. न दिसणाऱ्या गोष्टीची हमी न देणं याला मी धर्म म्हणेन. ग्रुपमधल्या पोरांचं मिरवणं हा नुसता अहंकार.

तेव्हा ड्रायव्हर खुशाल वापरा. मात्र अडचण घेऊन कर्नल लिहिणाऱ्यांकडे जाल तेव्हा तो आकडा पहिल्याच ओळीत सांगा. आणि त्याआधी बंदिस्त ड्रायव्हर न चढवता मशीन सुरू करून तीच अडचण येते का ते बघा. नाहीतर ते तुमच्या तक्रारीकडे बहुधा बघणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल.