अमानतीचा पुडा

दिग्रसहून कोणी उमऱ्याला, नोकरीला किंवा आखाती देशात राहणाऱ्या लेकीकडे निघाले की निरोपाला येणाऱ्यांच्या हातात काही ना काही असतेच. लोणच्याची बरणी, पापड, कोणाची औषधे, कोणाच्या नातवासाठी शिवलेले झबले. नेणारा बॅगेतले स्वतःचे दोन कपडे काढतो आणि जागा करून देतो. आत काय आहे, हे तो विचारत नाही. विचारले तर देणाऱ्याचे मन दुखेल, असे आपण सारेच मानत आलो. न विचारण्याची ही रीत प्रेमाची आहे, यात शंका नाही. पण त्या पुड्यात भलतेच काही निघाले, तर न विचारणारा गुन्हेगार ठरतो का?

२०१९ च्या जुलैत मुंबईचे एक मुस्लिम जोडपे दोह्याच्या हमद विमानतळावर उतरले. पत्नी गरोदर होती. सहलीचा खर्च नवऱ्याच्या फुफीने उचलला होता आणि निघताना एक पुडा सोबत दिला होता. जर्दा आहे, तिथे ओळखीच्या माणसाला द्या, एवढेच सांगितले होते. पुड्यात चार किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना दहा-दहा वर्षांची कैद झाली. पहिले अपील फेटाळले गेले. मुलगी तुरुंगातच जन्मली.

इकडे घरच्यांच्या हाती नवऱ्याच्या मोबाइलमधले रेकॉर्डिंग लागले. त्यात फुफीशी झालेले बोलणे होते. ते घेऊन घरची माणसे नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोकडे गेली, तपास झाला आणि त्याचे कागद दोह्यापर्यंत पोहोचले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या कॅसेशन कोर्टाने खटला पुन्हा अपील न्यायालयाकडे पाठवला. २९ मार्च २०२१ ला दोघे निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये मुलीला घेऊन मुंबईत परतले.

पुडा तोच होता, वजनही तेच. शेवटी प्रश्न आला तो माहितीचा आणि हेतूचा. कृतीचे मोल नीयत पाहून ठरते, ही हदीस आपल्या मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. पण नीयत दाखवायची कशी? विश्वासाची पावती कोणी करत नाही. या दोघांना तारले ते एका रेकॉर्डिंगने. म्हणजे विश्वासाचा योगायोगाने पुरावा उरला म्हणून ते सुटले. तो उरला नसता, तर ते तितकेच निरपराध असते आणि कदाचित आजही आत असते. आम्हांला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

आपल्याकडचा कायदाही या बाबतीत मऊ नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम ३५ सांगते की आरोपीच्या मनात दोषी हेतू होता, असे न्यायालयाने गृहीत धरावे. तो नव्हता, हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही संशयाला जागा न उरेल इतके. एरवी हा भार सरकारवर असतो. चरस एक किलोहून किंवा हेरॉइन पाव किलोहून अधिक झाले की ते व्यापारी प्रमाणात धरतात. मग किमान शिक्षा दहा वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामीनही दुर्मिळ.

म्हणून अपिलाला एवढी किंमत आहे. १९९७ मध्ये अमृतसरच्या राजासांसी विमानतळावर द्राक्षांच्या खोक्यात हेरॉइन सापडल्याच्या आरोपावरून एका अफगाण नागरिकाला पकडले होते. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २००८ मध्ये ‘नूर आगा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. ज्या खोक्यात माल होता म्हणत होते, ते खोकेच पुराव्यात नव्हते. कलम ३५ कोर्टाने रद्द केले नाही. पण आधी सरकारने आपली बाजू पक्की सिद्ध करावी, मगच आरोपीकडे बोट दाखवावे, असे बजावले. पुढे २०२० मध्ये ‘तोफान सिंग’ निकालात तपास अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरले. संशय असेल तर हदची शिक्षा टाळावी, हा आपल्या फिकहचा जुना दंडक आठवावा असेच हे निकाल आहेत.

तरीही न विचारणाऱ्याला सरसकट मोकळे सोडायला आम्ही तयार नाही. न विचारण्याचे दोन प्रकार आहेत. भावाबहिणीच्या, फुफीच्या भरवशावर माणूस विचारत नाही, तो एक. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल म्हणून जो विचारत नाही, तो दुसरा. ज्याला अनोळखी माणूस तिकीट देतो, हॉटेल देतो, वर चार पैसे देतो, त्याच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकलेली असते. ती त्याने ऐकली नाही. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. वेगळे करायचे तर कोर्टाला धीर लागतो आणि आपल्यालाही.

आणि फसवणारा नेहमी ओळखीचाच असतो असेही नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीला ऑडिशनच्या नावाखाली एक ट्रॉफी देऊन शारजाला धाडले. तिथे तिच्याजवळच्या ट्रॉफीत अमली पदार्थ सापडले. सूडापोटी तिला अडकवल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी दोघांना पकडले, तेव्हा ती सुटली.

अमानत म्हणजे डोळे मिटून वाहिलेले ओझे, असा अर्थ आपण कधीपासून लावू लागलो? जिची जबाबदारी घ्यायची, ती वस्तू माहीत असायला नको? ‘फुफी, पुडा माझ्यासमोर बांधा,’ असे म्हणण्यात बेअदबी नाही. देणारीनेच तो न सांगता उघडून दाखवावा, हे अधिक बरे.

राहता राहिला मोहल्ला. पोराचे नाव पेपरात आले की ‘काहीतरी केलेच असेल’ म्हणणारे आपणच असतो. घराशी येणेजाणे तुटते, बहिणीचे ठरलेले लग्न मोडते, आणि अपिलाचे वकील, कागद, भाषांतर यांचा खर्च एकट्या बापावर पडतो. देशात अटकेतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो; तालुक्याच्या समितीकडे अर्ज करायचा असतो, हे किती घरांना ठाऊक आहे? परदेशात अडकलेल्याला भारतीय दूतावासाशिवाय आधार नाही, आणि तिथवर पोहोचायलाही कोणीतरी मागे लागावे लागते. जकातीच्या आठ हकदारांत माना सोडवण्याचा एक वर्ग आहे. त्यात असा कैदी बसतो की नाही, यावर उलेमांनी एकदा जुम्याच्या खुत्ब्यात बोलावे, अशी आमची विनंती आहे.